नळदुर्गाला तिसरा वळसा
(सोलापूर-हैदराबाद रस्ता : भाग ४)

सोलापूर सोडून हैदराबादची वाट धरली की तासाभरात बोरी नदी आडवी येते. नळदुर्गाचं पोट पिढ्यान्‌पिढ्या या आडवं येण्यावरच चाललं. नदी म्हटली की बैल सोडायचे, पाणी पाजायचं, पलीकडची खबर काढायची. पुढे बैलगाडीच्या जागी ट्रक आले, एसटी आली. थांबणं तेवढं तसंच राहिलं. चहा, भजी, पंक्चर, टायरात हवा. प्रवाशाची अडचण हेच रस्त्याकाठच्या गावाचं भांडवल.

या अडवणाऱ्या जागेचं मोल आदिलशाहीनं नेमकं ओळखलं होतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरीवर बंधारा घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. डोक्यावरून नदी कोसळत असते आणि आतला माणूस कोरडा! बंधाऱ्यापलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सेना सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हा तिनं आधी हाती घेतला तो बोरीवरचा पूल. तो शाबूत मिळाला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला.

नळदुर्गाला पहिला वळसा घातला तो आगगाडीनं. १८५३ मध्ये निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि कारभार पाहायला मेडोज टेलर इथे येऊन राहिला. ठगांवरच्या कादंबरीनं गाजलेला तोच हा टेलर. मुलूख १८६० मध्ये निजामाकडे परत गेला, त्याच साली रेल्वे सोलापूरला पोचली. ती पुढे सरकली ती मात्र गुलबर्ग्यावरून. १८७१ मध्ये रायचूर गाठलं, १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादचा फाटा सुरू झाला. सोलापूर-हैदराबाद माल आता नळदुर्गाला न शिवताच जाऊ लागला.

दुसरा वळसा कचेरीनं घातला. जिल्ह्याचं नावच नळदुर्ग होतं, पण १९०४ मध्ये मुख्यालय धाराशिवला हललं. वकील, कारकून, पक्षकार आणि त्यांच्या खाणावळी, सगळंच मागोमाग गेलं असणार.

गावाला सावरलं मोटारीनं. नऊ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग (आताचा पासष्ट) गावाला खेटून गेला, तुळजापूरचा रस्ताही इथेच येऊन मिळाला. कोपऱ्यावरची टपरी म्हणजे तेव्हा सोन्याचं अंडं.

तिसरा वळसा चौपदरीकरणाचा. आराखड्यात बाह्यवळण आलं, काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. पण रेंगाळलेलं बाह्यवळणही दुकानदाराचा जीव टांगणीला लावतंच. दुकान वाढवावं की गाळा सोडावा? ज्याच्याकडे जमीन किंवा पैसा असतो, तो नव्या रस्त्याकडेला मोठं पार्किंग आणि स्वच्छ स्वच्छतागृहं असलेलं हॉटेल काढतो. भाड्याच्या गाळ्यातला पंक्चरवाला कुठे जाणार? त्यात गाड्या सुधारल्या. सोलापूरहून पन्नासेक किलोमीटरवर आता कुणाला भूक लागत नाही, इंजिनही तापत नाही. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावर शेंगा, पेरू विकणाऱ्यांचा उरलासुरला थांबाही आखडला.

अमेरिकेत १९२६ चा रूट ६६ असाच द्रुतमार्गांनी गिळला आणि १९८५ मध्ये महामार्गांच्या यादीतून निघाला. तिथल्या काही गावांनी जुने फलक आणि जुनी मोटेलं रंगवून आठवणींचाच धंदा केला. नळदुर्गाला तशी रंगरंगोटी करायची गरज नाही, किल्ला खराच चारशे वर्षांवरचा आहे. अडचण वेगळीच. पाणीमहालावरचे नर-मादी धबधबे चालतात ते वरचं बोरी धरण ओसंडलं तरच. त्या दिवसांत तोबा गर्दी, आणि दुष्काळी साली थेंब नाही. शिवाय आलेला पाहुणा किल्ल्याच्या दारातूनच गाडी वळवतो. बाजारपेठेला त्याचा काय उपयोग?

देव मात्र न चुकता येतो. अणदूर आणि नळदुर्गजवळचं मैलारपूर यांच्यात एकच खंडोबा आहे. वर्षातले सव्वादहा महिने तो अणदूरला आणि पावणेदोन महिने इकडे. पौष पौर्णिमेच्या यात्रेला येळकोटाच्या गजरात रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि टपरीवाल्याला तेव्हा बाह्यवळणाची आठवणही होत नसावी.

बोरी धरण भरल्याची बातमी कानावर आली तर सवड काढून जरूर जा. किल्ला पाहून झाला की लगेच हमरस्त्याला लागू नका, चहा बाजारात घ्या. पुढच्या आठवड्यात उमरगा.