पोपटात पोपटी रंग नसतो
लेखमाला : खिडकीतले पक्षी, भाग ९

गेल्या आठवड्यात पिसं झडण्याबद्दल लिहिलं आणि चार दिवसांत मुलुंड पूर्वेहून एका वाचक बाईंचा फोन आला. ‘आमच्या मिठूच्या छातीवर पिवळी पिसं येताहेत. सासूबाई म्हणतात, घरात सोनं येणार. तुम्ही खरं काय ते सांगा.’ मी क्षणभर गप्पच राहिलो. चाळीस वर्षांपूर्वी आमच्याही घरात असाच एक मिठू होता, आणि त्याच्या पिवळ्या पिसांबद्दल तेव्हा कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

मुलुंडमधल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत त्याचा पिंजरा टांगलेला असायचा. आजी त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालायची, मूठभर शेंगदाणे, एखादी हिरवी मिरची आणि सकाळच्या चहात बुडवलेलं बिस्किट. चहाच्या बिस्किटावर त्याचा फार जीव. मी नऊ वर्षांचा असताना त्याच्या छातीवर आणि पंखांच्या मुळाशी पिवळी पिसं दिसू लागली, कुणीतरी चिमूटभर हळद उधळावी तशी. चाळीतल्या बायका बघायला आल्या, आजीने त्याला ओवाळलं. पुढे तो दिवसासुद्धा पिसं फुलवून दांडीवर डोळे मिटून बसू लागला. पिंजऱ्याच्या तळाच्या कागदावर त्याच्या विष्ठेतला जो भाग एरवी पांढरा असतो, तो पिवळट-हिरवा दिसायला लागला. पावसाळ्यात तो गेला. पक्ष्याला डॉक्टर असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून तिथे उभं आहे, मुलुंडहून लोकलने एका तासाच्या आत पोचता येईल इतकं जवळ.

म्हणून आजचा भाग रंगाचा.

मराठीत आपण एका रंगालाच पोपटाचं नाव दिलंय. पोपटी साडी, पोपटी भिंत, कोवळ्या पालवीचा पोपटी. पण पोपटाच्या पिसात हिरवं रंगद्रव्य नसतं. मला स्वतःला हे कळलं तेव्हा एका पैठणीने ते पटवून दिलं. धूपछाँव पैठणीत उभा धागा एका रंगाचा असतो आणि आडवा दुसऱ्या. दोन्ही एकमेकांत इतके दाट विणलेले असतात की डोळ्याला तिसराच रंग दिसतो, आणि पदर हलवला की तो झुलतो. पोपटाच्या पिसातही दोन गोष्टी एकत्र येतात. एक पिवळं रंगद्रव्य, आणि दुसरा निळा, ज्यात रंगद्रव्य मुळीच नाही. पिसाच्या बारीक फाट्यांच्या आत केराटिनचा, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच पदार्थाचा, अतिसूक्ष्म स्पंजासारखा थर असतो. त्यातल्या हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश असा विखुरतो की निळाच परत येतो. त्याखाली मेलॅनिनचा काळा थर उरलेला प्रकाश गिळून टाकतो. निळ्यावर पिवळ्याचा पडदा आला की आपल्याला हिरवा दिसतो.

घरी निळा बजरिगर असेल, ज्याला मुंबईत सगळेच लव्हबर्ड म्हणतात, तर त्याचं गळून पडलेलं पीस खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहा. निळा नाहीसा होतो आणि मळकट करडा-तपकिरी उरतो, कारण आता प्रकाश पलीकडून आरपार येतोय, विखरून परत येत नाही. मी हा प्रयोग एका शाळेत केला तेव्हा मुलांनी पीस आळीपाळीने हातात घेऊन वीस वेळा उलटं-सुलटं केलं.

एवढं कळलं की पोपटाच्या विचित्र रंगांचं कोडं बरंचसं उलगडतं. पिवळं द्रव्य तयार झालं नाही, तर मागचा निळा उघडा पडतो आणि पोपट निळा होतो. मेलॅनिन नसेल, तर निळ्याला आधार राहत नाही आणि नुसता पिवळा उरतो. बाजारात ज्याला लुटिनो म्हणतात तो हाच, लाल डोळ्यांचा लख्ख पिवळा पोपट. दोन्ही नसेल तर पांढरा. ही सगळी जन्माची गोष्ट, अंड्यातूनच ठरलेली. २०१७ मध्ये बजरिगरवर झालेल्या संशोधनात दिसलं की निळा आणि हिरवा यांच्यातला फरक एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने पडतो. ते जनुक पिवळं द्रव्य बनवणाऱ्या एन्झाइमचं. एका अक्षराने ते कारखान्याचं यंत्र बंद पडतं. बाकी पक्षी धडधाकट असतो.

ही द्रव्यं पोपटांच्या खास मालकीची आहेत. त्यांना सिटॅकोफल्विन म्हणतात आणि ती दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यात नाहीत. पोपटाचा लाल आणि पिवळा दोन्ही याच घराण्यातले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की लालाचं पिवळ्यात रूपांतर करणारं एक एन्झाइम पोपटाच्या पिसाच्या पेशींमध्ये असतं. ते जितकं जास्त काम करतं तितका रंग पिवळ्याकडे सरकतो. कुणाचा लाल गाल, कुणाचा पिवळा माथा, सगळं याच चावीच्या फिरवण्यावर.

आता इथून मुलुंडकरांना फार लांब जायची गरज नाही. ऐरोलीच्या पुलावर उभं राहा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खाली चिखलात हजारो रोहित असतात, ठाणे खाडीचे फ्लेमिंगो. त्या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित पक्ष्याचा गुलाबी खाण्यातून येतो. खाडीतल्या शैवालात आणि बारीक जिवांत कॅरोटिनॉइड असतात, गाजरात असतात त्याच जातकुळीचे. ते पोटात गेले की पिसांत उतरतात. म्हणून पिल्लं करडी असतात, आणि प्राणिसंग्रहालयात योग्य खाणं मिळालं नाही तर मोठे पक्षीसुद्धा फिके पडतात. पुलाच्या अलीकडे, योगी हिल्सकडून संध्याकाळी ओरडत येणाऱ्या पोपटांच्या थव्याचं गणित अगदी वेगळं. पोपटाच्याही रक्तात कॅरोटिनॉइड खेळतात, पण तो ते पिसात घालत नाही. स्वतःचा रंग तो स्वतःच्या पिसात शिजवतो.

म्हणूनच मिरची खाऊन पोपट लाल होत नाही. मिरची तो आनंदाने खातो याचं कारण निराळं. आपल्या जिभेवर तिखटाने पेटणारा जो ग्राहक आहे, तो पक्ष्यांमध्ये तिखटाला दाद देत नाही. आजीच्या मिठूला ती मिरची काकडीइतकीच सौम्य लागत होती.

तर मग जन्मतः हिरव्या असलेल्या पोपटावर मधेच पिवळं पीस का येतं?

गेल्या भागातली एक गोष्ट इथे पुन्हा सांगायलाच हवी. पूर्ण वाढलेलं पीस हे नखासारखं निर्जीव असतं. रक्त फक्त वाढत्या कोंबात असतं. पीस तयार झालं की पुरवठा बंद. त्यामुळे आतून त्याचा रंग नंतर बदलत नाही. रंग बदलतो तो जुनं पीस गळून त्याच जागी नवं आल्यावर, आणि त्या नव्या पिसात त्याच्या वाढीच्या दोन-तीन आठवड्यांतलं शरीराचं वर्तमान लिहिलेलं असतं. खायला नीट मिळालं का, यकृत चाललं का, ताप होता का, भीती होती का. भीतीचा किंवा उपासमारीचा एखादा दिवससुद्धा पिसावर आडवी फिकी रेघ उठवून जातो, आणि पुढे पीस तिथेच मोडतं.

कुठे रंग बदलला आणि कसा बदलला, हे पाहणं म्हणून फार महत्त्वाचं. दोन्ही बाजूंना सारखा, ठरलेल्या वयात बदल झाला तर तो बहुधा निसर्गाचा. आपल्या राघूच्या नराला दोन-तीन वर्षांचा झाल्यावर गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी येते. त्यालाच आपण कंठ फुटला म्हणतो, आणि पोरगा वयात आला की त्याच्या आवाजालाही तोच शब्द वापरतो. आजारी रंग सहसा विखुरलेला असतो. इथे एक पीस, तिथे दोन, उजव्या पंखावर आहे तर डाव्यावर नाही. यकृताचा आजार, तेलकट आणि एकसुरी खाणं, अ जीवनसत्त्वाची कमतरता यांत पिसाच्या वाढीत काहीतरी राहून जातं. मेलॅनिन अपुरं पडतं आणि हिरव्याच्या जागी पिवळं उमटतं. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि चहातलं बिस्किट यांवर पोसलेल्या पक्ष्याचं यकृत चरबीने भरतं, हे पक्ष्यांचे डॉक्टर रोज बघतात.

काळपट पिसं हा दुसरा प्रकार. हिरव्या पिसाच्या कडा काळवंडतात तेव्हा रंग वाढलेला नसतो, स्पंजाचा थर बिघडलेला असतो. पोकळ्यांमधली हवा गेली की निळा विझतो आणि खालचं मेलॅनिन दिसतं. सतत कुरवाळणारे तेलकट, क्रीम लावलेले हात, सिगारेटचा धूर, किंवा पुन्हा तेच खाणं आणि यकृत. मुलं पोपटाला दिवसभर हाताळतात त्या घरांत हे हमखास सापडतं.

सर्वांत वाईट बातमी एका विषाणूची. पोपटांच्या चोचीचा आणि पिसांचा आजार म्हणून तो जगभर ओळखला जातो. तो पिसाच्या मुळावरच घाला घालतो, पिसांच्या भुकटीतून पसरतो आणि त्यावर इलाज नाही. आफ्रिकी करड्या पोपटाच्या अंगावर त्यामुळे करड्याऐवजी लाल पिसं उगवू शकतात, आणि मालक कौतुकाने फोटो काढत बसतो. रक्त किंवा पीस तपासून निदान होतं. घरात दुसरे पक्षी असतील तर ही तपासणी टाळू नये.

पिसाच्या मुळाला इजा झाली तरी नवं पीस वेगळ्या रंगाचं येतं. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींना हे फार पूर्वी माहीत होतं. ते जिवंत पोपटाची पिसं उपटून त्या जागी बेडकाच्या कातडीचा स्राव चोळत, म्हणजे नवी पिसं पिवळी येत. निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने आपल्या ॲमेझॉनच्या प्रवासवर्णनात याची नोंद केली आहे. वाचताना मला त्या उपटल्या जाणाऱ्या पक्ष्याचाच विचार येतो.

आपल्याकडची रंगबाजी याहून स्वस्तातली. राघूच्या पिल्लाच्या खांद्यावर लाल रंग फासून तो पहाडी पोपट म्हणून खपवतात, कारण खऱ्या पहाडी पोपटाच्या खांद्यावर लाल पट्टा असतो. मुनियांना हिरव्या रंगात बुडवून हिरवी मुनिया म्हणून विकतात. ओल्या कापसाने हलकं पुसलं तर बऱ्याचदा रंग कापसावर येतो, आणि पीस अलगद उचलून पाहिलं तर मुळाशी जुनाच रंग असतो. पिल्लू मात्र तो रंग चोचीने काढत काढत गिळत राहतं.

आणि हे सगळं ज्या पिंजऱ्यातून सुरू होतं त्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राघू, पहाडी, लाल-जांभळ्या डोक्याचा छोटा पोपट, आपले सगळे देशी पोपट संरक्षित आहेत. ते विकणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘आमच्याकडे पूर्वीपासून आहे’ हे कारण चालत नाही. बजरिगर आणि कॉकाटील ठेवता येतात. करड्या पोपटासारख्या परदेशी जातींची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पण घरात वाढलेला राघू खिडकी उघडून सोडून देणं ही दयाही नाही आणि सुटकाही नाही. त्याच्या पंखांत ताकद नसते, तो खायला शोधायला शिकलेला नसतो, आणि कावळे पहिल्या तासातच त्याच्यामागे लागतात. राज्याच्या वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. तिथे कळवलं की पक्षी सोपवता येतो.

त्या बाईंना मी हेच सगळं सांगितलं, थोडं घाबरत. पक्षी अंगावर ओरखडासुद्धा न काढणारा, घरातल्या माणसासारखा झालेला असतो, आणि त्याला देऊन टाका म्हणणं सोपं नसतं. पण त्या म्हणाल्या, ‘आधी बरा होऊ दे, मग सोपवते.’ मी म्हटलं, ‘ताई, दोन्ही एकदमच करा.’ पिंजऱ्याच्या तळाचा कागद बघा, पांढऱ्याचा पिवळा झालाय का ते सांगा, एवढं बोलून मी फोन ठेवला.

परवा त्यांनी पुन्हा फोन केला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी शेंगदाणे आणि बिस्किट बंद करायला सांगितलंय, पालक, गाजर, दुधी, पेरू सुरू झालाय, वन विभागालाही कळवलंय. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून त्याची छाती निरखतात. तिथे दोन नवे कोंब आलेत, निळसर करड्या पापुद्र्याच्या नळीत बंद. नळी अजून फुटलेली नाही.