पुराचे पाणी शिरलेले इंजिन

दि. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि मुठेचे पाणी पुण्यातील कसबा पेठेसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत शिरले. अशा पुरात घरांबरोबर मोटारगाड्या, ट्रॅक्टर व पाणी उपसण्याची इंजिनेही बुडतात. बुडालेले इंजिन बहुधा दुरुस्त होऊ शकते. ते कायमचे बिघडते ते पाणी ओसरताच सुरू करण्याच्या घाईने.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना दट्ट्या जोराने वर आल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून प्रथम बॅटरीच्या तारा सोडाव्यात. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर किंवा पेट्रोल इंजिनाचे प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरवावे, म्हणजे पाणी बाहेर पडेल. फिरविताना ते अडल्यास जोर करू नये. वंगण तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. ते तेल व टाकीतील इंधन काढून टाकावे, गाळण्या बदलाव्यात आणि हवेचा मार्ग स्वच्छ करावा. सिलिंडरात थोडे स्वच्छ तेल सोडून इंजिन पुन्हा हाताने फिरवावे. नंतर सर्व भाग जोडून, नवे तेल भरून, इंजिन थोडा वेळ बिनभाराने चालवावे व ते तेल पुन्हा बदलावे.

ओल्या भागांवर गंज लवकर चढतो, म्हणून या कामी दिरंगाई नको. नव्या मोटारगाड्यांचे काम मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. ग्रामसेवकांनी ही माहिती नदीकाठच्या शेतकरी बंधूंना पावसाळ्यापूर्वीच द्यावी.