पोस्टक्रॉसिंग

पोस्टक्रॉसिंग हा जगभरातील अपरिचित व्यक्तींनी एकमेकांना टपालाने पोस्टकार्डे पाठवण्याचा छंद आहे. तो चालवणाऱ्या आंतरजालावरील प्रकल्पाचे नावही हेच आहे. पत्रमैत्रीहून तो मुळातच निराळा आहे. ज्याला कार्ड पाठवले त्याच्याकडून उत्तर येणे अपेक्षित नसते; परतफेडीचे कार्ड भलत्याच देशातील तिसऱ्या सदस्याकडून येते. प्रकल्पाचे ८ लाखांहून अधिक सदस्य असून आजवर ७ कोटींहून अधिक कार्डे पोहोचल्याची नोंद आहे.

इतिहास

पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज विद्यार्थ्याने १४ जुलै २००५ रोजी हा प्रकल्प सुरू केला. टपालात येणारी पोस्टकार्डे त्याला आवडत आणि तशीच आवड असलेल्या इतरांशी गाठ कशी घालावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. आरंभी सारा कारभार घरातील कपड्यांच्या कपाटात ठेवलेल्या एका जुन्या संगणकावर चाले. एप्रिल २००८ मध्ये पोहोचलेल्या कार्डांची संख्या १० लाखांवर गेली. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या टपालसंस्थेने या छंदावर तिकीट काढले. पुढे फिनलंड, पोलंड व इतर देशांनीही तशी तिकिटे काढली.

कार्यपद्धती

सदस्याने मागणी केल्यावर त्याला दुसऱ्या एका सदस्याचा पत्ता व एक क्रमांक मिळतो. क्रमांकाच्या आरंभी पाठवणाऱ्याच्या देशाची दोन रोमन अक्षरे असतात. भारतातून निघालेल्या कार्डावर 'आयएन' ही अक्षरे येतात. हा क्रमांक कार्डावर लिहावा लागतो. कार्ड मिळालेली व्यक्ती तो नोंदवते, तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता आणखी कोणा अनोळखी सदस्याला दिला जातो. म्हणजे आधी द्यायचे आणि मगच मिळवायचे, असा हा व्यवहार आहे. पत्ता सर्वांसाठी उघड नसतो. ज्याच्या वाट्याला तो येतो त्यालाच दिसतो.

नव्या सदस्याला एका वेळी ५ कार्डे प्रवासात ठेवता येतात आणि पोहोचलेल्या कार्डांबरोबर ही मर्यादा वाढत जाते. ६० दिवसांत नोंद न झालेले कार्ड मर्यादेतून वगळले जाते, पण वर्षभराच्या आत ते पोहोचले तर त्याची नोंद करता येते. पावसात शाई पसरून किंवा शिक्का नेमका क्रमांकावर उमटून तो वाचता न येणे ही नेहमीची अडचण आहे. अशा वेळी कार्डावरील नाव, गाव, तारीख यांवरून स्वयंसेवक शोध घेतात. अनुभवी सदस्य म्हणूनच क्रमांक दोनदा लिहितात. आपल्याला कोणती चित्रे आवडतात हे सदस्य सांगू शकतो, परंतु ती इच्छा पुरवण्याचे बंधन पाठवणाऱ्यावर नसते.

टपालव्यवस्थेचा आधार

पहिले पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. त्याला २०१९ मध्ये १५० वर्षे झाली आणि आता हा दिवस जागतिक पोस्टकार्ड दिन म्हणून साजरा होतो. भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले. मात्र या छंदाचा खरा पाया १८७४ च्या बर्न येथील टपाल करारात आहे. त्यानुसार हशील गोळा करणाऱ्या देशाने ते स्वतःकडे ठेवावे आणि परदेशातून आलेल्या पत्राचा बटवडा मोबदला न घेता करावा, असे ठरले. प्रत्येक पत्राला उत्तर जाते, त्यामुळे हिशेब आपोआप जुळतो, असे त्यामागील गृहीतक होते. पुढे काही देशांकडे येणारे टपाल जाणाऱ्या टपालाहून फार वाढले, आणि १९६९ च्या टोकियो अधिवेशनात बटवड्याचा मोबदला देण्याची पद्धत मान्य झाली. देशादेशांना न साधलेला समतोल पोस्टक्रॉसिंगमध्ये क्रमांकाच्या साध्या युक्तीने बव्हंशी साधला जातो.

परदेशी पाठवायच्या कार्डावरील पत्ता रोमन लिपीत लिहिला जातो. भारतीय पत्ते लांबलचक असतात. 'मंदिरामागे', 'शाळेजवळ' अशा खुणा परदेशी सदस्य अर्थ न कळताच उतरवून घेतात आणि त्यात चुका होतात. अशा वेळी पिनकोडचे सहा अंक बरोबर असले तर निदान योग्य टपालकार्यालयापर्यंतची वाट चुकत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झालेल्या या पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे महाराष्ट्रातील टपाल अधिकारी व संस्कृत कवी होते.

अडचणी

देशांतर्गत स्वस्त पोस्टकार्ड परदेशी चालत नाही. त्यासाठी हवाई टपालाचे वेगळे हशील भरावे लागते आणि चित्रकार्डाची किंमत निराळी. अनेक देशांत हे दर वाढत गेल्याने विद्यार्थ्यांना हा छंद परवडेनासा होतो. २०२० च्या महासाथीत विमानवाहतूक थांबली, तेव्हा कित्येक देशांमधील टपाल खंडित होऊन कार्डे महिनोन्‌महिने अडकून पडली. पत्रांची संख्या घटल्यामुळे डेन्मार्कच्या सार्वजनिक टपालसंस्थेने २०२५ च्या अखेरीस पत्रांचा बटवडा थांबवला आणि ते काम खासगी कंपनीकडे गेले. पत्रे लिहिणारे कमी झाल्यामुळे ज्या छंदाला नवलाई आली, त्याच कारणामुळे त्याचे वाहनही महाग आणि विरळ होत चालले आहे.