अनुताई वाघ यांचा शिक्षणविचार

अनुताई वाघ (जन्म : १७ मार्च १९१०, मृत्यू : २७ सप्टेंबर १९९२) या महाराष्ट्रातील शिक्षिका व बालशिक्षणतज्ज्ञ होत्या. ताराबाई मोडक यांच्या सहकारी म्हणून त्यांनी बोर्डी आणि कोसबाड (तत्कालीन ठाणे जिल्हा, आता पालघर जिल्हा) येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचे प्रयोग केले. मूल शाळेत येत नसेल किंवा शाळेत रमत नसेल, तर दोष मुलात न शोधता शाळेची रचना त्याच्या जीवनाला अनुरूप करावी, हे या प्रयोगांमागील मुख्य सूत्र होते. आज ज्याला संस्कृती-अनुरूप व सहयोगी अध्यापन म्हटले जाते, त्याचे हे भारतातील एक आरंभीचे उदाहरण होय.

पार्श्वभूमी

अनुताईंचा विवाह वयाच्या तेराव्या वर्षी झाला व काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्यानंतर शिक्षण पूर्ण करून त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांनी अध्यापन केले. नोकरी सांभाळून रात्रशाळेत शिकत त्या मॅट्रिक झाल्या. पदवी त्यांनी पन्नाशीनंतर मिळवली.

ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीवर काम केले होते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या प्रमुख कार्यकर्त्या होत्या. शहरी, सुस्थित कुटुंबांपुरते राहिलेले बालशिक्षण खेड्यात न्यावे, या हेतूने १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. या परिसरात प्रामुख्याने वारली समाजाची वस्ती होती. सावकार व जमीनदार यांच्या वेठबिगारीविरुद्ध येथील वारल्यांनी १९४५ पासून लढा दिला होता. दारिद्र्यामुळे मुलांनाही लहानपणापासून घरच्या कामाचा वाटा उचलावा लागे. शाळेत जाणे ही बहुतेकांच्या जीवनातील परकी गोष्ट होती.

मुलांपर्यंत जाणारी शाळा

बोर्डीतील मध्यवर्ती बालवाडीत दलित व आदिवासी वस्तीतील मुले येत नसत. अंतर, जातिभेद आणि घरची कामे ही त्याची कारणे होती. मुले येत नाहीत म्हणून शिक्षिकाच साहित्य घेऊन वस्तीत गेल्या व एखाद्या घराच्या अंगणात बालवाडी भरवू लागल्या. यातून ‘अंगण बालवाडी’ ही कल्पना आकाराला आली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे ही कामेही शिक्षिका करीत व तो शिक्षणाचाच भाग मानीत. वर्ग अंगणात भरत असल्याने आयांना तो पाहता येई आणि शाळेविषयीची भीती कमी होई.

कोसबाड येथे मोठ्या मुलांची अडचण वेगळी होती. मुलगे गुरे राखत, तर मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. दिवसा गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी चराईच्या जागीच वर्ग घेण्यात आले. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत भरणारा हा वर्ग ‘कुरणशाळा’ म्हणून ओळखला गेला. मुलींसाठी ‘विकासवाडी’ या योजनेत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. त्यामुळे कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवून मुलीला स्वतःच्या वर्गात बसता येई. या दोन्ही योजनांत मुलाचे काम हा अडथळा समजून त्याला घरापासून तोडण्यात आले नाही. त्या कामाभोवतीच शाळेची वेळ व जागा ठरवण्यात आली.

परिसर व लोकजीवन

माँटेसरी साधने महाग होती व ती खेड्यातील मुलांच्या ओळखीचीही नव्हती. अनुताई व ताराबाईंनी त्या पद्धतीचे तत्त्व कायम ठेवून साधने बदलली. मोजणे, वर्गीकरण करणे, लहानमोठा क्रम लावणे यांसाठी खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या यांचा उपयोग होऊ लागला. अशी साधने फुटली वा हरवली तरी पुन्हा गोळा करता येतात आणि ती गोळा करताना निरीक्षणाचा पाठही होतो.

जंगल, शेती व ऋतू यांविषयी मुलांना आधीच असलेले ज्ञान हा पाठाचा आरंभबिंदू मानला जाई. गाणी, गोष्टी, नाच आणि चित्रे यांना शिक्षणात स्थान होते. प्रमाण मराठीपेक्षा वेगळी बोली घेऊन येणाऱ्या मुलाला त्याच्या बोलण्यावरून कमी लेखल्यास ते गप्प होते. म्हणून प्रथम त्याला मोकळेपणाने बोलू द्यावे, या भूमिकेला येथे महत्त्व आहे.

सहकार्य

या विचारात शिक्षिका एकटी काम करीत नाही. स्थानिक बालसेविकांचे प्रशिक्षण हा कार्याचा महत्त्वाचा भाग होता. त्यामुळे वस्तीची भाषा व चालीरीती जाणणाऱ्या स्त्रियाच शिक्षिकांच्या भूमिकेत आल्या. पालकांना, विशेषतः आयांना, शाळेच्या कामात सामावून घेतले जाई. अनुताईंनी आपले अनुभव ‘बालवाडी कशी चालवावी’ आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकांतून मांडले. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या संपादनातही त्यांचा सहभाग होता. १९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था स्थापन केली.

प्रभाव व मर्यादा

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या केंद्रांसाठी रूढ झालेले ‘अंगणवाडी’ हे नाव बोर्डीतील कल्पनेशी नाते सांगते. मात्र शासकीय योजनेत पूरक पोषण, लसीकरण व आरोग्य तपासणी यांचाही समावेश असल्याने एकाच सेविकेवर अनेक जबाबदाऱ्या येतात आणि बालशिक्षणाला मिळणारा वेळ कमी होतो. कुरणशाळेसारखा लवचीक वर्ग ठरावीक वेळापत्रक, हजेरी व परीक्षा यांच्या चौकटीत बसवणे कठीण असते. शिवाय गुरे राखण्याच्या वेळेत शिकवल्याने मुलाला अक्षरओळख होते, पण त्याचे बालश्रम संपत नाहीत. त्यासाठी कुटुंबाची आर्थिक स्थिती बदलावी लागते.

अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी संस्कृतिसुसंगत अध्यापनाची सैद्धांतिक मांडणी १९९० च्या दशकात केली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शालेय ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडण्याचे, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचे तत्त्व स्वीकारले. या दोन्ही तत्त्वांशी जुळणारे प्रयोग कोसबाडमध्ये त्यापूर्वी काही दशके झाले होते. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री, तर ताराबाई मोडक यांना १९६२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला.