लंगडी घालायला अंगण हवे

लातूरला लेकीकडे गेलो होतो. साडेचार वर्षांच्या नातीला म्हटले, ‘चल, लंगडी घालू.’ दुसऱ्याच उडीला पोर आपटली. एरवी चौथ्या वर्षी मुलांना हे जमू लागते. पण तिचा बालवर्ग दुसऱ्या मजल्यावर, मैदान नाहीच!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले. मुले येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला.

आम्हा नांदेडकरांना तोल शिकवला गोदावरीच्या वाळूने अन् शेताच्या बांधांनी. तोही फुकटात.

गच्चीवर खडूने घरे आखली. लेक कळवळली, ‘अहो बाबा, पडेल ना ती!’

पडू दे. आठव्या दिवशी नातीने सात उड्या मोजून दाखवल्या.