मोटारीच्या अंतर्भागातील एलईडी सजावट : विद्युतमंडल, चालकाची दृष्टी आणि कायदा

प्रस्तावना

मोटारीचा अंतर्भाग दिव्यांनी सजविण्याची हौस ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसराला नवी नाही. रिक्षातील देवाच्या तसबिरीभोवती लुकलुकणारी माळ, ट्रकच्या केबिनमधील रंगीत दिवे, डॅशबोर्डवरील गणपतीच्या मूर्तीखाली पेटणारा इवलासा दिवा ही त्या हौसेची जुनी रूपे होत. २००० नंतरच्या दशकात खासगी मोटारींत निळ्या प्रकाशाच्या काचेच्या नळ्या बसविण्याची टूम आली. त्या नळ्यांना काही शे व्होल्टचा दाब लागे आणि त्यासाठी स्वतंत्र इन्व्हर्टर जोडावा लागे. साहजिकच ती हौस मोजक्यांपुरती राहिली. पुढे प्रकाश उत्सर्जक डायोड म्हणजेच एलईडी स्वस्त झाले, ते चिकट पाठीच्या लवचीक पट्टीवर बसून आले, आणि हीच सजावट तासाभराच्या कामावर आली. आज अ‍ॅक्सेसरीजच्या साध्या दुकानातही पायाशेजारील जागा, डॅशबोर्डची कड आणि दारांचे खण अशा ठिकाणी रंगीत पट्ट्या बसवून मिळतात.

या तासाभरात गाडीच्या विद्युतमंडलात नेमका कोणता फेरफार होतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. दिवा छोटा, म्हणून धोकाही छोटा, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक सदोष आहे. दिवा कितीही लहान असला तरी तो ज्या बॅटरीला जोडला जातो ती लहान नसते. प्रस्तुत लेखात या जोडणीचे विद्युतशास्त्र, तिचा रात्रीच्या दृष्टीवरील परिणाम आणि तिची कायदेशीर बाजू यांचा विचार केला आहे.

‘बारा व्होल्ट’ या शब्दामागील वास्तव

दृश्य प्रकाश देणारा लाल डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये सिद्ध केला. निळा डायोड मात्र तीन दशके हुलकावणी देत राहिला. तो साध्य केल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या डायोडवाचून पांढरा एलईडी नाही आणि रंग बदलणारी पट्टीही नाही. २०१३ साली सादर झालेल्या मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास मोटारीत तारेचा एकही बल्ब नव्हता. सुमारे ५०० एलईडी होते. ही मोटार पुढे पुण्याजवळील चाकण येथेही बांधली जाऊ लागली. मात्र उत्पादकाने आराखड्यातच योजलेला प्रकाश आणि दुकानात मागाहून चिकटवलेली पट्टी या दोन गोष्टींत मूलभूत अंतर आहे. ते अंतर दिव्यात नसून त्याला मिळणाऱ्या विद्युत्-पुरवठ्यात आहे.

पट्टीवर ‘१२ व्होल्ट’ असे छापलेले असते आणि गाडीची बॅटरीही १२ व्होल्टचीच म्हणून ओळखली जाते. त्यामुळे दोहोंचा मेळ बसला असे वाटते. वस्तुतः पूर्ण भारित बॅटरीचे विभवांतर इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते, आणि इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर कामास लागला की ते १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढते. सजावट उजळते ती बहुधा याच अवस्थेत.

या दोन-अडीच व्होल्टच्या फरकाने काय होते, हे ओहमच्या नियमाने सहज पाहता येते. पट्टीवर साधारणपणे तीन डायोड आणि एक रोध यांची एकसर जोडणी असते, आणि असे अनेक गट परस्परांना समांतर जोडलेले असतात. निळ्या किंवा पांढऱ्या डायोडवर सुमारे ३.२ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे तिघांवर मिळून ९.६ व्होल्ट. पुरवठा नेमका १२ व्होल्ट असेल तर रोधावर २.४ व्होल्ट उरतात. रोध १२० ओहमचा असल्यास धारा २० मिलिअँपिअर होते. आता पुरवठा १४.४ व्होल्ट झाला असे समजू. डायोडवरील विभवांतर फारसे बदलत नाही, त्यामुळे वाढलेला जवळजवळ सर्व दाब रोधावर येतो. २.४ ऐवजी ४.८ व्होल्ट, म्हणजे धारा दुप्पट आणि रोधात निर्माण होणारी उष्णता चौपट : ४८ मिलिवॅटवरून १९२ मिलिवॅट. प्रत्यक्षात डायोडवरील दाबही किंचित वाढतो, त्यामुळे वाढ याहून थोडी कमी भरते. तरीही खसखशीच्या दाण्याएवढ्या ज्या रोधाची क्षमता पुष्कळदा १२५ मिलिवॅटच असते, त्याच्यावर हा अतिरिक्त भारच होय. पुरवठ्यात वीस टक्के वाढ झाली की उष्णता चौपट होते, हे उदाहरण पाठ्यपुस्तकातील कित्येक कृत्रिम गणितांपेक्षा विद्यार्थ्यांना अधिक पटेल.

त्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमानाची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. त्या उष्णतेत पट्टीमागील गोंद सुटतो आणि डायोडचे आयुष्यही घटते.

यावर उपाय अवघड नाही. ९ ते १६ व्होल्टच्या कक्षेत स्थिर धारा देणारी, वाहनासाठीच बनविलेली पट्टी घ्यावी, अथवा पट्टीच्या आधी विभवांतर नियंत्रक बसवावा. प्रयोगशाळेतील परिचित ७८१२ हा तीन पायांचा नियंत्रक येथे पुरेसा समाधानकारक ठरत नाही. त्याला स्वतःसाठी सुमारे दोन व्होल्ट लागतात, त्यामुळे इंजिन बंद असताना दिवे मंदावतात. कमी दाबात चालणारा नियंत्रक किंवा स्विचिंग पद्धतीचा परिवर्तक अधिक योग्य. डोंबिवलीहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडची एक फेरी केली की असे सुटे भाग हाती येतात.

वितळतार कोणाचे रक्षण करते?

सजावटीच्या जोडणीतील सर्वांत गंभीर चूक वितळतारेच्या म्हणजेच फ्यूजच्या बाबतीत होते. फ्यूज दिव्याचे रक्षण करतो, असा सार्वत्रिक समज आहे. फ्यूज तारेचे रक्षण करतो. सिगारेट लायटरच्या खाचेला जाणाऱ्या मूळ तारेचा फ्यूज पुष्कळ गाड्यांत १५ किंवा २० अँपिअरचा असतो, कारण ती तार तेवढी धारा सोसण्याइतकी जाड असते. सजावटीसाठी याच तारेवर टोचा मारून केसासारखी बारीक तार काढली जाते. ही बारीक तार आसनाच्या रुळाखाली चेचली गेली किंवा पत्र्याच्या कडेवर घासून तिचे आवरण फाटले, तर तिच्यातून १० ते १५ अँपिअर धारा वाहू शकते. मूळ फ्यूजच्या दृष्टीने ही धारा मर्यादेतच असते, म्हणून तो वितळत नाही. वितळते ती बारीक तार, आणि तीही गालिचा, फोम व प्लास्टिक यांच्या सान्निध्यात.

म्हणून नव्या जोडणीला, तिच्या उगमाशीच, स्वतंत्र आणि लहान फ्यूज हवा. त्याचे मान हिशेबाने ठरते. मीटरला ६० डायोड असलेली मोठ्या आकाराची पट्टी १२ व्होल्टवर सुमारे १४.४ वॅट घेते. पायाशेजारी चार ठिकाणी प्रत्येकी ३० सेंटिमीटर, म्हणजे एकूण १.२ मीटर पट्टी लावली तर १.४४ अँपिअर धारा लागते, आणि इंजिन सुरू असताना वर सांगितल्याप्रमाणे तिच्या दुपटीच्या आतबाहेर. तेव्हा जांभळ्या रंगाचा ३ अँपिअरचा फ्यूज पुरेसा होतो. फ्यूजपेटीतील एखाद्या खाचेत बसणारा, दोन फ्यूज धरणारा जोड बाजारात मिळतो. त्यामुळे मूळ तार कापण्याची वा सोलण्याची गरज उरत नाही. खाच निवडताना ब्रेक, इंजिन नियंत्रण आणि एअरबॅग यांची मंडले वर्ज्य मानावीत. किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी खाच घ्यावी, आणि ती अंदाजाने नव्हे तर मल्टिमीटरने शोधावी.

छताच्या दिव्याबरोबर, म्हणजे दार उघडताच, पट्टी उजळावी अशी इच्छा पुष्कळांची असते. जुन्या गाड्यांत दाराचा स्विच बहुधा ऋण बाजू जोडत व तोडत असे. ही गोष्ट ध्यानात न घेता केलेली जोडणी एक तर पेटतच नाही किंवा विझतच नाही. नव्या गाड्यांत हा दिवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या ताब्यात असतो. त्या नियंत्रकाने पाच-दहा वॅटच्या दिव्यासाठी राखलेल्या शाखेवर नवा भार टाकणे म्हणजे पट्टीच्या कित्येक पट किमतीचा भाग पणाला लावणे होय. अशा ठिकाणी मधे रिले घालावा, अन्यथा तो मोह टाळावा.

प्रत्यक्ष बसवणीविषयी थोडेच सांगणे पुरे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. समोरच्या काचेलगतच्या खांबाच्या आत अनेक गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग असते. तिच्यावरून तार नेऊ नये, आणि पिवळ्या आवरणाच्या जोडण्यांना हात लावू नये. सांधे डाख देऊन, आकसणारी नळी चढवून झाकावेत. काळी चिकटपट्टी एका उन्हाळ्यात पाघळते. पेडलच्या वर लावलेली पट्टी गोंदावर विसंबून न सोडता प्लास्टिकच्या बंदाने बांधावी, कारण सुटलेली पट्टी ब्रेकच्या पेडलभोवती अडकू शकते. या भागातील बहुसंख्य रिक्षा आणि कितीतरी मोटारी सीएनजीवर धावतात. ज्या मोटारीच्या डिकीत टाकी आहे तिच्या डिकीत उघडा सांधा वा सैल जोडणी ठेवणे सर्वथा अयोग्य.

उभी गाडी आणि पाऊस

कल्याण-डोंबिवलीच्या नोकरदाराचे जीवन लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. पुष्कळ कुटुंबांची मोटार सोमवार ते शुक्रवार सोसायटीच्या आवारात उभी असते आणि शनिवार-रविवारी बाहेर पडते. रिमोटवर वा मोबाइलवर चालणारी पट्टी बंद दिसली तरी तिचा नियंत्रक आज्ञेची वाट पाहत जागा असतो. तो ४० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास खर्च होतो. लहान मोटारीची बॅटरी सुमारे ३५ अँपिअर-तासांची असते. मे महिन्यात कुटुंब रेल्वेने कोकणात गेले आणि गाडी तीन आठवडे उभी राहिली, तर बॅटरीतील निम्म्याहून अधिक साठा निव्वळ या प्रतीक्षेत संपतो. घड्याळ आणि गजर यांचा खर्च वेगळाच. किल्लीवर चालणारी खाच निवडण्याचे हेही एक कारण होय.

पावसाचा प्रश्न याहून बिकट आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण, डोंबिवली, बदलापूर येथे असंख्य वाहने पाण्याखाली गेली. परंतु तेवढा प्रसंग ओढवण्याची गरज नाही. ओल्या छत्र्या आणि चिखलाची पादत्राणे यांनी गालिचा जून ते सप्टेंबर दमटच असतो. पायाशेजारील पट्टी गालिच्याला न टेकता डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, वरून खाली प्रकाश टाकील अशी असावी. पट्टीवरील सिलिकॉनचे आवरण कापलेल्या टोकाशी उघडे पडते. ते टोक पुन्हा सिलिकॉनने बंद केले नाही तर तांब्यावर हिरवट गंज चढण्यास एक पावसाळा पुरतो.

चालकाची दृष्टी

अंधारात डोळा सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. या काळात दृष्टिपटलावरील दंडाकार पेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा साठते, आणि तीव्र प्रकाश पडताच त्याचे विघटन होते. उजेडात डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला. अंधारात हे शिखर ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर बाजूला सरकते. हा पुर्किन्ये परिणाम होय. निळ्या डायोडचा प्रकाश ४६० ते ४७० नॅनोमीटरचा असतो. याचा अर्थ असा की, सजावटीत सर्वाधिक पसंत केला जाणारा निळा रंगच अंधाराला सरावलेल्या डोळ्याला सर्वाधिक त्रासदायक ठरतो. तांबडा वा गडद नारिंगी प्रकाश दंडाकार पेशींना फारसा जाणवत नाही. त्यामुळे सजावट करायचीच तर हे रंग, आणि तेही अतिमंद, इष्ट ठरतात.

याहूनही प्रत्यक्ष बाधा आहे ती प्रतिबिंबाची. डॅशबोर्डवरची उघडी पट्टी समोरच्या काचेत प्रतिबिंबित होते, आणि काचेवर पावसाचे थेंब असले की ते प्रतिबिंब सर्वत्र पसरते. घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांच्या रांगेत, शिळफाट्याच्या वळणावर किंवा माळशेज आणि कसारा घाटांतील धुक्यात चालकाला दिसायला हवी ती पुढच्या वाहनाची तांबडी खूण किंवा कडेने चालणारा माणूस. चालकाच्या डोळ्याला दिव्याचा बिंदू दिसता कामा नये, फक्त त्याची आभा दिसावी, हा निकष त्यामुळे केवळ सौंदर्याचा राहत नाही. गाणे ऐकून लुकलुकणारे दिवे तर चालत्या गाडीत बंदच असावेत.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने आलेल्या कलम १८२-अ अन्वये अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत स्वरूपात फरक पाडणारा रचनेतील बदल, असे म्हटले आहे. पायाशेजारची मंद पट्टी या व्याख्येत बसविणे कठीण दिसते.

दिव्यांच्या रंगाबाबत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ महत्त्वाचा आहे. पुढील बाजूस तांबडा आणि मागील बाजूस तांबड्याखेरीज अन्य प्रकाश दाखविण्यास हा नियम मनाई करतो, आणि वाहनाच्या अंतर्गत प्रकाशयोजनेला त्यातून वगळतो. ही सूट आतल्या प्रकाशापुरती आहे. काचेलगत लावलेली, रस्त्यावरील इतरांना दिसणारी तांबडी वा निळी पट्टी ‘अंतर्गत’ म्हणवून घेऊ शकेल असे वाटत नाही. ‘एमएच-०४’ असो वा ‘एमएच-०५’, नाक्यावरील तपासणीत पोलिसाला प्रथम दिसते ती हीच.

वॉरंटी आणि विमा यांचा प्रश्न न्यायालयापेक्षा लवकर उभा राहतो. मूळ तारा कापल्या असतील तर विद्युत बिघाडाची वॉरंटी नाकारण्यास उत्पादकाला आधार मिळतो, आणि आगीच्या दाव्यात सर्वेक्षक बाहेरून केलेल्या जोडणीचा शोध घेतो. अशा वेळी स्वतंत्र फ्यूज, न कापलेली मूळ तार आणि कामाचे पावती-बिल या तीन गोष्टी मालकाच्या बाजूने बोलतात.