टॅबचा कान आणि वऱ्हाडी ‘डोया’

पडद्यावर ‘डोळा’ असं लिहिलेलं असतं आणि नांदुऱ्याकडचं पहिलीतलं पोर खणखणीत आवाजात वाचतं, ‘डोया’. चुकलं का ते? मुळीच नाही. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळीची केयी होते, फळाचं फय होतं. पोरानं अक्षर ओळखलं, शब्द जुळवला, अर्थ लावला आणि घरच्या जिभेनं तो उच्चारला. बुलढाणा जिल्ह्यातल्या बाईंना हे सांगावं लागत नाही. पण ऐकणारा टॅब असेल तर?

टॅब ऐकतो कसा, हेच मुळात थक्क करणारं आहे. पोराचा आवाज मायक्रोफोनमधून आत गेला की तो सेकंदाचा शंभरावा भाग एवढ्या बारीक पावलांनी तपासला जातो. प्रत्येक पावलाला कोणत्या कंपनांचा जोर किती, हे मोजलं जातं. मग असंख्य माणसांच्या बोलण्यावरून शिकलेला प्रोग्रॅम अंदाज बांधतो: हा ‘ड’ असावा, हा ‘ओ’. वाचायचं वाक्य त्याच्यापाशी आधीच असतं, त्यामुळे पुढचा शब्द कोणता यायला हवा हे त्याला ठाऊक असतं. गूगलनं २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाचं असं अ‍ॅप आणलं. त्याआधी उत्तर प्रदेशातल्या सुमारे २०० गावांत ते वापरून पाहिलं होतं. पुढे ‘रीड अलाँग’ या नावानं ते मराठीतही आलं. त्यातली ‘दिया’ नावाची बोलकी मदतनीस पोराचं वाचन ऐकायची, अडलं की मदत करायची, शब्दावर बोट ठेवलं की तो म्हणून दाखवायची. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसलं तरी चालायचं. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या वाड्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता पोराच्या बाजूनं पाहा. बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं; वाचनाचं तसं नाही. लिपी माणसाकडे आली ती जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी, तेव्हा मेंदूत वाचनासाठी राखून ठेवलेली जागा असणार कुठून? दुसऱ्या कामाच्या जागाच वाचनासाठी तयार कराव्या लागतात. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून संशोधकांनी त्यांचे मेंदू तपासले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदल दिसले ते नुसते वरच्या थरात नाहीत, तर मेंदूच्या पार खोलवरच्या, फार जुन्या भागांतही!

त्यात आपली लिपी भलतीच मजेदार. चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे जोडाक्षरांच्या आधीच चारशेच्या वर आकार. ‘किती’ हा साधा शब्द घ्या. डोळ्याला आधी पहिली वेलांटी दिसते आणि मग ‘क’. जिभेला मात्र आधी ‘क’ म्हणायचा असतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांच्या २००२ च्या अभ्यासात अशा शब्दांशी हिंदी वाचणारे जास्त अडखळताना आढळले. सहा वर्षांचं पोर ही उलटापालट रोज करतं, आणि आपण त्याला ‘अजून अडखळतोय’ म्हणतो.

ही घडी बसायला मोठ्यानं, पुन्हा पुन्हा वाचणं लागतं आणि कुणीतरी ऐकणारं लागतं. एका बाईंच्या वाट्याला दोन-दोन वर्ग आले की प्रत्येक पोराला किती मिनिटं मिळणार? टॅबचं खरं काम इथं आहे. तेच वाक्य विसाव्यांदा ऐकतानाही तो वैतागत नाही.

बोटानं अक्षर गिरवण्याच्या खेळांवर मात्र माझा तेवढा विश्वास नाही. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवरचा २०१२ चा एक अमेरिकी अभ्यास सांगतो की स्वतःच्या हातानं अक्षर काढल्यावर मेंदूतली वाचनाची जागा जागी होते. नुसतं गिरवून किंवा कळ दाबून तसं होत नाही. पाटी-पेन्सिल ठेवाच. चित्रांवर टिचकी मारली की उड्या मारणारी माकडंही नकोत. ४३ अभ्यासांची एकत्र छाननी २०१५ साली झाली. गोष्टीला धरून हलणारी चित्रं मुलांना मदत करतात, मधले खेळ लक्ष उडवतात, असं तिच्यातून दिसलं.

राहिला प्रश्न टॅबच्या कानाचा. ज्यांचे आवाज त्याला ऐकवले, त्यांचंच बोलणं त्याला नीट कळतं. मुलांचे आवाज बारीक, म्हणून मोठ्यांच्या बोलण्यावर शिकलेला प्रोग्रॅम तिथं आधीच जास्त चुकतो. त्यात वऱ्हाडी वळण. आणि जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी घरं आहेत. जेमतेम दोन-अडीच हजार लोकांची ही भाषा. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. त्या घरातलं पोर मराठी वाचायला बसतं तेव्हा लिपीही नवी असते आणि भाषाही. तिथं टॅबपेक्षा दोन्ही भाषा जाणणारं माणूस शेजारी हवं.

अ‍ॅप बनवणाऱ्यांनी बुलढाण्याच्या शाळांत यावं आणि पोरांचे आवाज त्यांच्या पालकांना विचारून नोंदवून घ्यावेत. तोवर घरी टॅब किंवा फोन असेल तर गोष्ट लावा, पोराला मोठ्यानं वाचू द्या आणि शेजारी बसा. टॅबनं ‘डोया’ला चूक म्हटलं, तर तुम्ही ‘बरोबर आहे, वाच पुढं’ असं म्हणा.